‘होतो’ की ‘होते’? : नोबुयो ओयामा यांचा आवाज आणि त्यांची निवृत्ती

मराठी समीक्षेने गायकाच्या आवाजावर पुष्कळ लिहिले आहे. नटाच्या आवाजावर, विशेषतः संगीत नाटकाच्या काळातील नटांच्या आवाजावर, त्याहून थोडे कमी, तरीही पुरेसे लिहिले गेले आहे. मात्र ज्या आवाजाचा धनी रसिकाला कधी दिसतच नाही आणि ज्याला गायचेही नसते, केवळ बोलायचे असते, त्या आवाजाची समीक्षा आपल्याकडे जवळजवळ झालेलीच नाही. आकाशवाणीच्या श्रुतिका ऐकत वाढलेल्या पिढीला अशा आवाजाचे सामर्थ्य सांगावे लागू नये. पडद्यावर ओठ एकीचे आणि कंठ दुसरीचा, ही तडजोड तर भारतीय रसिकाने इतक्या सहजपणे पत्करली की इंदुरात जन्मलेल्या लता मंगेशकरांचा आवाज कितीतरी चेहऱ्यांचा होऊनही एकट्या लताबाईंचाच राहिला. परंतु पार्श्वगायिकेचे नाव तबकडीवर असते, तिचे गाणे चित्रपटाबाहेरही जगते. केवळ बोलणाऱ्या अदृश्य कलावंताला ही सोय नाही. त्याची कला पात्राच्या अंगात मुरते, आणि तेथेच नाहीशी होते.

जपानमधील अशाच एका अभिनेत्रीविषयी येथे लिहावयाचे आहे. नोबुयो ओयामा २९ सप्टेंबर २०२४ रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी निवर्तल्या. जपानी जनतेच्या दृष्टीने त्या दिवशी एक आवाज गेला, आणि त्या आवाजाचे नाव ओयामा असण्यापेक्षा ‘डोरेमॉन’ असे अधिक होते. बाविसाव्या शतकातून आलेले हे निळे यांत्रिक मांजर आपल्या वाचकांपैकी अनेकांच्या नातवंडांनी घराघरांत आणून बसविले आहे. त्यामुळे त्याची ओळख करून देण्याचे कारण नाही. परंतु नातवंडांनी ऐकलेला डोरेमॉन हिंदीत बोलतो. त्यामागचा मूळ जपानी आवाज कोणाचा, तो कसा घडला आणि कसा थांबला, ही हकिगत आपल्याकडे फारशी पोहोचलेली नाही.

ओयामाबाईंनी १९७९ पासून २००५ पर्यंत, म्हणजे सव्वीस वर्षे, डोरेमॉनला आवाज दिला. भूमिका सोडल्यानंतर २००६ मध्ये त्यांनी आपल्या आठवणींचे पुस्तक प्रसिद्ध केले. त्याचे नाव ‘बोकु, दोराएमोन देशिता’. या नावाचे मराठीकरण करावयास बसले की एक लहानशी, परंतु अर्थपूर्ण अडचण उभी राहते. जपानी क्रियापदाला लिंग नाही. लिंगाची खूण तेथे सर्वनामात असते. ‘बोकु’ म्हणजे ‘मी’, पण तो मुलाने किंवा पुरुषाने स्वतःला म्हणावयाचा ‘मी’. त्यातही तो सौम्य, घरंदाज वळणाचा ‘मी’ आहे. दांडगट मुलगा स्वतःला ‘ओरे’ म्हणतो. मराठीत मात्र ‘मी’ निर्लिंगी आणि भूतकाळी क्रियापद लिंगाने बांधलेले. तेव्हा नावाचे भाषांतर ‘मी डोरेमॉन होतो’ असे करावे की ‘मी डोरेमॉन होते’ असे? पहिल्यात पात्र बोलते, दुसऱ्यात बाई बोलते. मूळ नावात ही दोघे एकाच तोंडाने बोलत आहेत.

गंमत अशी की वर्तमानकाळात ही अडचण मुळीच येत नाही. डोरेमॉन प्रेक्षकांना जो नमस्कार करतो त्याचा अर्थ इतकाच, की मी डोरेमॉन आहे. ‘आहे’ला लिंग नाही. भूमिका चालू आहे तोवर आपली भाषा त्या आवाजाला तू कोण असे विचारत नाही. भूमिका संपून ‘आहे’चे भूतकाळी रूप करण्याची वेळ आली की मात्र उत्तर द्यावेच लागते. निवृत्ती म्हणजे काय, याची याहून नेमकी व्याख्या आम्हांला दुसरी सुचत नाही. ओयामाबाईंच्या कारकिर्दीचा विचार याच प्रश्नाच्या अनुरोधाने करावा, असा या लेखाचा हेतू आहे.

*

१६ ऑक्टोबर १९३३ रोजी टोकियोत जन्मलेल्या या मुलीचा आवाज लहानपणापासून जाडसर, घोगरा होता. मुलीच्या आवाजाविषयी समाजाची जी अपेक्षा असते तीत तो बसत नव्हता. शाळेत त्यावरून चेष्टा झाली आणि मुलीने बोलणेच जवळजवळ टाकले. तेव्हा आईने तिला समजावले, की शरीराचा जो भाग दुबळा आहे त्याला जपून झाकून ठेवले तर तो आणखी दुबळा होतो. तेव्हा आवाज वापर, रोज वापर. मुलगी शाळेच्या ध्वनिक्षेपण मंडळात गेली. ही आठवण ओयामाबाई पुढे वारंवार सांगत. कलावंतांच्या चरित्रांत अशा गोष्टी पुष्कळ असतात आणि समीक्षकाने त्यांवर फार विसंबू नये हे खरे. येथे मात्र तिचे महत्त्व वेगळे आहे. जो दोष म्हणून दाखविला गेला, नेमका तोच पुढे सर्वांत मोलाचा ठरला. गोड, किणकिणत्या आवाजाची अभिनेत्री डोरेमॉनला मिळाली असती, तर ते पात्र खेळणे झाले असते. ओयामाबाईंच्या घोगरेपणाने त्याला वय दिले, वजन दिले, आणि थोडेसे आजीपणही दिले.

त्यांचे शिक्षण ‘हाइयुझा’ या नामांकित नाट्यसंस्थेच्या अभिनयशाळेत झाले. १९५६ मध्ये जपानच्या सार्वजनिक प्रसारणसंस्थेच्या, म्हणजे एनएचकेच्या, दूरचित्रवाणी नाटकातून त्यांनी पदार्पण केले. ही पार्श्वभूमी लक्षात घेतली पाहिजे. आज जपानमध्ये ‘सेइयू’, म्हणजे स्वराभिनेता, हा स्वतंत्र व्यवसाय आहे. त्याच्या शाळा आहेत, त्याचे तारांकित कलावंत आहेत. ओयामाबाईंच्या पिढीत तसे नव्हते. ही मंडळी रंगभूमीची होती. नभोनाट्ये, परदेशी चित्रपटांचे जपानी रूपांतर आणि बाहुल्यांचे खेळ ही त्यांची पोटापाण्याची कामे होती. त्यामुळे त्यांच्या स्वराभिनयात उभे राहिलेले शरीर ऐकू येते.

१९६० मध्ये एनएचकेवर तीन डुकरांच्या बाहुल्यांचा ‘बू फू वू’ हा खेळ सुरू झाला आणि १९६७ पर्यंत चालला. त्यातील थोरल्या डुकराचा, बूचा, आवाज ओयामाबाईंचा होता. धाकट्या वूचा आवाज तेत्सुको कुरोयानागी यांचा. ‘तोत्तोचान’ या पुस्तकाची लेखिका म्हणून मराठी वाचक ज्यांना चांगले ओळखतात, त्याच या कुरोयानागी. शाळेतून काढून टाकलेली एक चिमुरडी आणि आवाजामुळे गप्प झालेली दुसरी, या दोघींनी एकाच खेळात डुकरांची भावंडे व्हावे, हा योगायोग आम्हांला मोठा बोलका वाटतो.

पुढे चित्रपट्यांच्या, म्हणजे ‘अ‍ॅनिमे’च्या, जगात त्यांना मुलांच्या भूमिका मिळाल्या. १९६५ च्या ‘हसल पंच’मध्ये त्या नायक होत्या. १९६९ मध्ये सुरू झालेल्या ‘साझाए-सान’ या मालिकेत खोडकर कात्सुओचा पहिला आवाज त्यांचाच, जरी ते काम अल्पकाळच टिकले. १९७७ च्या ‘झाम्बोट थ्री’ या मालिकेत त्यांनी काप्पेई नावाच्या मुलाला आवाज दिला. ही मालिका बाहेरून यंत्रमानवांच्या लढाईची दिसली तरी आतून अतिशय कठोर आहे. शेवटी काप्पेई आपली माणसे गमावून एकटा परततो. ज्यांना ओयामाबाई म्हणजे केवळ बालरंजन वाटते त्यांनी ही भूमिका विसरू नये.

स्त्रियांनी मुलग्यांचे आवाज द्यावेत ही जपानी प्रथा १९६३ च्या ‘अ‍ॅस्ट्रो बॉय’पासून रुळली, त्यातील अतोमुचा आवाज मारी शिमिझू या अभिनेत्रीचा होता. कारण व्यावहारिक आहे. खऱ्या मुलाचा आवाज दोन-तीन वर्षांत फुटतो, आणि मालिका तर दहा-वीस वर्षे चालते. ज्यांच्या पूर्वजांनी पुरुष नटांना शालू नेसून रंगमंचावर वावरताना पाहिले, त्या आपल्या रसिकांना या उलटापालटीचे नवल वाटू नये. बालगंधर्वांची स्त्री ही कोणत्याही खऱ्या स्त्रीची नक्कल नव्हती. ती एक कल्पिलेली, घडविलेली स्त्री होती. तसाच ओयामाबाईंचा मुलगा हा घडविलेला मुलगा आहे.

*

डोरेमॉनची चित्रकथा ‘फुजिको एफ. फुजिओ’ या नावाने लिहिणारे हिरोशी फुजिमोतो यांनी १९६९ च्या अखेरीस लहान मुलांच्या मासिकांतून सुरू केली. ती १९७३ मध्ये एकदा दूरचित्रवाणीवर आली होती. तेव्हा डोरेमॉनला प्रथम कोसेई तोमिता या पुरुष नटाने आणि नंतर मासाको नोझावा यांनी आवाज दिला. पण ती मालिका अर्ध्या वर्षात बंद पडली. २ एप्रिल १९७९ रोजी दुसऱ्या वाहिनीवर, दहा-दहा मिनिटांच्या छोट्या भागांत, ती नव्याने सुरू झाली तेव्हा ओयामाबाई पंचेचाळीस वर्षांच्या होत्या.

येथे त्यांनी जे केले ते आमच्या मते समीक्षेच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे आहे. त्यांनी पात्राचा आवाज शोधण्याआधी पात्राचे संस्कार शोधले. त्यांचा तर्क असा, की हे यंत्र मुलाची देखभाल करण्यासाठी पाठविलेले आहे. तेव्हा त्याच्या तोंडी शिवराळ, उद्धट भाषा शोभणार नाही. ते चांगल्या घरातल्यासारखे बोलेल, आपले नाव नीट सांगून नमस्कार करील. त्यांच्या डोरेमॉनची सुप्रसिद्ध आदबशीर ओळख या विचारातून आली. खिशातून एखादी अद्भुत वस्तू काढताना तिच्या नावाचा तो लांबवलेला, जवळजवळ चोपदाराच्या ललकारीसारखा उच्चार, आणि ते ओठ मिटून केलेले ‘उफुफुफु’ हसणे, हे सारे त्या आवाजाचे झाले. पहिल्या भागांचे ध्वनिमुद्रण पाहून फुजिमोतो यांनी, डोरेमॉनचा आवाज असा होता तर, अशा अर्थाचे उद्गार काढले, अशी आठवण ओयामाबाईंनी सांगितली आहे. निर्मात्याने आपल्याच पात्राविषयी असे म्हणावे, यापरती दुसरी पावती नाही.

तथापि या निवडीची दुसरी बाजूही नोंदविली पाहिजे. मूळ चित्रकथेतील डोरेमॉन इतका सोज्ज्वळ नाही. तो चिडतो, आळशीपणा करतो, नोबिताला टोचून बोलतो, क्वचित त्याच्याइतकाच मूर्खपणा करतो. कधीकधी तो पालक कमी आणि बरोबरीचा सवंगडी अधिक असतो. ओयामाबाईंच्या आवाजाने तो हळूहळू वडीलधारा झाला. वर्षे जात गेली तसा कलावतीचा आवाज अधिक खर्जात आणि संथ होत गेला, आणि तसतसा डोरेमॉनही घरातल्या समजूतदार आजीसारखा वाटू लागला. जपानी मुलांच्या दोन पिढ्यांना त्यात आधार मिळाला हे निर्विवाद. पण फुजिमोतोंच्या विनोदाची धार त्यात काहीशी बोथट झाली हेही मान्य करावयास हवे. थोर नट पात्र समृद्ध करतो तसा त्याला आपल्या बाजूस वळवितोही. बालगंधर्वांची सिंधू ही गडकऱ्यांची सिंधू किती आणि बालगंधर्वांची किती, हा प्रश्न आपल्याला नवा नाही.

या आवाजाचे बळ कोठे दिसते असे कोणी विचारले तर आम्ही १९९८ चा ‘डोरेमॉन परत आला’ या अर्थाच्या नावाचा लघुचित्रपट पुढे करू. कथा साधी आहे. डोरेमॉनला भविष्यात परत जावयाचे आहे. त्याने निश्चिंत मनाने जावे म्हणून दुबळा नोबिता रात्री दांडगट जियानशी एकट्याने झुंजतो, मार खातो, पण सोडत नाही. अखेर जियानच कंटाळून निघून जातो. डोरेमॉन त्याला घरी आणतो, झोपलेल्या मुलाजवळ बसून राहतो, आणि सकाळी तो तेथे नसतो. मूळ चित्रकथेत रात्रीच्या त्या चौकटीत एकही शब्द नाही. सदैव उपाय हाती असलेल्या पात्राकडे या एकाच प्रसंगी देण्यासारखे काही उरत नाही, आणि म्हणूनच बोलण्यासारखेही फारसे उरत नाही. अठरा-एकोणीस वर्षे रोज ऐकलेला आवाज थांबतो तेव्हा जी पोकळी जाणवते, ती निर्माण करण्यासाठी आधी तितकी वर्षे बोलावे लागते. निवृत्तीची ही कथा ओयामाबाईंनी स्वतः निवृत्त होण्यापूर्वी सात वर्षे आपल्या आवाजात केली होती.

*

फुजिमोतो २३ सप्टेंबर १९९६ रोजी वारले. पात्राचा लेखक गेला तरी पात्राचा आवाज राहिला, आणि त्या आवाजावरची जबाबदारी वाढली. २००१ मध्ये ओयामाबाईंना आतड्याच्या कर्करोगाने गाठले. उपचारानंतर त्या पुन्हा कामावर आल्या, परंतु हे किती दिवस चालणार हा प्रश्न आता टाळता येण्यासारखा नव्हता.

जपानमध्ये ध्वनिमुद्रणाची पद्धत अशी, की चित्रपट्टी पुढे चालू असते, कलावंत हातात संहिता घेऊन मोजक्या ध्वनिग्राहकांपुढे पाळीपाळीने उभे राहतात, आणि पान उलटल्याचा आवाजही होऊ न देता एकमेकांच्या श्वासावर आपले वाक्य टाकतात. म्हणजे हे एकट्याचे काम नाही. ही एक मंडळी आहे. नोबिताच्या नोरिको ओहारा, शिझुकाच्या मिचिको नोमुरा, जियानचे काझुया तातेकाबे, सुनिओचे कानेता किमोत्सुकी आणि ओयामाबाई ही पाच माणसे दीर्घकाळ अशी एकत्र उभी राहिली होती. त्यांचा शेवटचा भाग १८ मार्च २००५ रोजी प्रसारित झाला. पाचही जण एकदम बाजूला झाले. महिन्याभरात, १५ एप्रिल २००५ रोजी, वासाबी मिझुता यांच्या आवाजातील नवा डोरेमॉन सुरू झाला. १९८० पासून दरवर्षी येत आलेला डोरेमॉनचा मोठा चित्रपट त्या वर्षी आला नाही.

हे असामान्य का, ते समजून घेण्यासारखे आहे. जपानमध्ये दीर्घजीवी पात्राचा आवाज बहुधा कलावंताच्या मृत्यूनेच बदलतो. मिदोरी कातो यांनी १९६९ पासून पन्नासहून अधिक वर्षे साझाएचा आवाज सांभाळला. १९७३ मध्ये डोरेमॉन झालेल्या मासाको नोझावा यांनी १९८६ पासून ‘ड्रॅगन बॉल’च्या गोकूला कित्येक दशके आवाज दिला. या निष्ठेविषयी आम्हांला आदरच आहे. परंतु एका आवाजाला जाईपर्यंत धरून ठेवले की उत्तराधिकाऱ्याला भूमिका नव्हे, तर सुतक मिळते. त्याला तुलनेखाली दबून, घाईघाईने, मृताची नक्कल करीत उभे राहावे लागते. ओयामाबाईंच्या मंडळीने जाणे निवडले तेव्हा त्या जिवंत होत्या. मिझुताबाईंना त्यांची नक्कल करण्याची सक्ती उरली नाही. नवा आवाज अधिक हलका, अधिक बालिश आहे, आणि नव्या मालिकेने मूळ चित्रकथेतील खट्याळपणा बऱ्याच अंशी परत आणला. अनेक जुन्या प्रेक्षकांना तो आवाज दीर्घकाळ परका वाटला. तरीही १९७९ च्या डोरेमॉनने जे कमावले ते गमावून २००५ च्या डोरेमॉनने जे गमावले गेले होते त्यातले काही मिळविले, असाच निवाडा द्यावा लागेल.

आपल्या रंगभूमीला हा विषय जवळचा आहे. रसिकांच्या प्रेमाने आणि परिस्थितीच्या रेट्याने बालगंधर्व उतारवयातही शालू नेसून उभे राहत गेले, आणि ज्यांनी ते पाहिले त्यांपैकी अनेकांना काय वाटले हे आपल्या नाट्यविषयक आठवणींतून वाचावयास मिळते. प्रेक्षक मायेने टाळ्या देतो. पण मायेने दिलेली टाळी ही कलेला दिलेली टाळी नसते, हे कलावंतालाच सर्वांत आधी कळते. योग्य वेळी उठणे ही कलेचीच अखेरची कृती आहे. आणि ही गोष्ट केवळ नटांपुरती नाही. आपल्या जुन्या मराठी वस्त्यांतील वाचनालये, गणेशोत्सव मंडळे आणि नाट्यसंस्था यांत एकेका जबाबदारीवर किती वर्षे एकच आवाज ऐकू येतो, आणि तो थांबल्यावर मागे कोणाला बोलता येत नाही, हे आपण सारे जाणतो. तेथेही मृत्यूने झालेला बदल हा वारसा नसतो. ती रिकामी झालेली खुर्ची असते.

*

निवृत्तीनंतर ओयामाबाई एका भूमिकेने पुन्हा सर्वांना चकित करून गेल्या. डोरेमॉन करीत असताना त्या पात्राची प्रतिमा डागळू नये म्हणून त्यांनी इतर स्वरभूमिका बहुतांशी टाळल्या होत्या. ते बंधन सुटल्यावर, २०१० मध्ये, वयाच्या सत्त्याहत्तराव्या वर्षी त्या ‘डांगनरोन्पा’ या संगणकीय खेळात मोनोकुमा झाल्या. हे अर्धे पांढरे, अर्धे काळे अस्वल शाळकरी मुलांना कोंडून त्यांना एकमेकांचे खून करावयास लावते. आवाज जवळजवळ तोच. तोच घोगरा जिव्हाळा, तीच ठसठशीत उच्चारांची ढब. आणि ‘उफुफुफु’च्या जागी ‘उपुपुपु’. ज्या आवाजावर दोन पिढ्यांनी डोळे मिटून विश्वास टाकला, तोच आवाज आता हसत हसत मृत्यूची शिक्षा सुनावतो.

कोणी याला जुन्या पुण्याईची विक्री म्हणेल. आम्हांला तसे वाटत नाही. डोरेमॉनचा सौम्यपणा हा ओयामाबाईंच्या घशाचा गुण नसून त्यांच्या विचाराची निर्मिती होती, याचा हा पुरावाच आहे. आवाज तोच ठेवून केवळ संस्कार काढून घेतले की काय उरते, हे त्यांनी दाखविले. पात्र उभे राहते ते स्वराच्या जातीवर नव्हे, तर त्या स्वराने काय बोलावे आणि काय बोलू नये या निर्णयावर. आणि हा निर्णय त्यांनी १९७९ मध्ये स्वतः घेतलेला होता. पुढे मोनोकुमाची भूमिकाही त्यांना सोडावी लागली. २०१६ मध्ये ती ताराको यांच्याकडे गेली.

ती सोडण्याचे कारण दुःखद होते. २००८ मध्ये ओयामाबाईंना मेंदूतील रक्तप्रवाह खंडित होण्याचा झटका आला. नंतर स्मृतिभ्रंशाचे निदान झाले. २०१५ च्या मे महिन्यात त्यांचे पती, नट केइसुके सागावा, यांनी नभोवाणीवरून ते जाहीर केले आणि त्याच वर्षी या सहवासावर पुस्तक लिहिले. लेक झालेल्या आपल्या पत्नीस, अशा अर्थाचे त्याचे नाव आहे. जपानसारख्या समाजात, जेथे घरातले दुखणे घरातच राखण्याची रीत आहे, सर्वांच्या लाडक्या आवाजाविषयी असे उघड बोलणे सोपे नव्हते. त्या बोलण्याने अशाच दुखण्याची सेवा करणाऱ्या अनेक घरांना तोंड फुटले असेल. पत्नीला सांभाळणारे सागावा २०१७ मध्ये आधी गेले. मंडळीतील तातेकाबे २०१५ मध्ये आणि किमोत्सुकी २०१६ मध्ये गेले होते. २०२४ च्या मार्चमध्ये ताराको, जुलैमध्ये नोबिताच्या ओहारा आणि सप्टेंबरमध्ये स्वतः ओयामाबाई गेल्या.

या ठिकाणी भावविवश होणे सोपे आहे. सर्वांना आपले बालपण आठवून देणारा आवाज स्वतःच्या आठवणींना पारखा झाला, असे वाक्य कोणालाही सुचेल, आणि ते खोटेही नाही. पण समीक्षेला त्यापुढे जावे लागते. ओयामाबाईंनी भूमिका २००५ मध्ये सोपविली आणि तिचा लेखाजोखा २००६ मध्ये लिहून ठेवला. आठवण शाबूत असतानाच त्यांनी ती आपल्याकडून काढून इतरांच्या हाती दिली. दुखणे आले तेव्हा डोरेमॉन त्यांच्याजवळ नव्हता. तो मिझुताबाईंच्या कंठात सुखरूप होता. जे वेळेवर दिले तेवढेच वाचले.

*

राहता राहिला आपल्या घरांचा प्रश्न. भारतात डोरेमॉन २००५ च्या सुमारास मुलांच्या वाहिनीवर आला तो प्रामुख्याने हिंदीतून. जपानमध्ये ओयामाबाईंचा आवाज थांबत होता, त्याच सुमारास आपल्याकडे डोरेमॉन बोलू लागला, आणि आपल्या मुलांनी तो ऐकला तो त्या आवाजावाचून. तरीही त्याने घर जिंकले. शेजारच्या बांगलादेशात तर मुले बंगालीऐवजी डोरेमॉनची हिंदी बोलू लागली म्हणून २०१३ मध्ये शासनाने हिंदी डोरेमॉनचे प्रसारण बंद केले. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे किंवा हैदराबाद येथील मराठी घरांना ही बातमी परकी वाटण्याचे कारण नाही. नातू आजीशी हिंदीत बोलतो तेव्हा त्यात बाजाराचा, शाळेचा, शेजाराचा वाटा असतो, तसाच या निळ्या मांजराचाही असतो.

म्हणून त्या मांजरावर राग धरावा असे मात्र आम्ही म्हणणार नाही. बंदीने भाषा टिकत नाही. मुलाच्या कानाला जो आवाज रोज भेटतो, जो त्याच्याशी आदबीने आणि आपुलकीने बोलतो, त्याची भाषा मूल उचलते. ओयामाबाईंच्या कारकिर्दीचे सार याहून वेगळे काय आहे? मुलाशी उद्धटपणे बोलावयाचे नाही, आपले नाव नीट सांगावयाचे, रोज यावयाचे, आणि आपल्यानंतर बोलणारा उभा राहीपर्यंत थांबावयाचे नाही, पण तो उभा राहिला की अडूनही बसावयाचे नाही. आजी-आजोबांनी घरात मराठीसाठी जे करावे असे आपण सभासंमेलनांतून बोलतो, ते याहून निराळे नाही.

आता त्या पुस्तकाच्या नावाकडे वळू. भाषांतरकाराने काय करावे? आमचे मत ‘मी डोरेमॉन होतो’ या बाजूस आहे. ‘होते’ म्हटले तर ओयामाबाई नोकरी आटोपून घरी गेलेल्या वाटतील. ‘होतो’ म्हटले तर निरोपाचे शब्दही डोरेमॉनच्याच तोंडून येतील, आणि बाईंनी ‘बोकु’ हे सर्वनाम राखले ते त्यासाठीच. भूतकाळ स्वीकारावयाचा, पण ज्याचा भूतकाळ त्याच्याच आवाजात. हा आवाज ज्यांना मूळ जपानीत ऐकावयाचा आहे त्यांनी १९९८ चा तो लघुचित्रपट मिळवून ऐकावा. भाषा कळली नाही तरी चालेल. कथा नातवंडाला ठाऊक असेलच. त्याच्याकडून ती समजावून घ्यावी, आणि जमल्यास मराठीत.